एकतानगरीचा अण्णा, केशवनगरची ताई

आमच्या घरात नदीवरून भांडण होतं ते भूगोलामुळे. थोरला अण्णा सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या बाजूला राहतो, ताई मुंढव्याला केशवनगरात, आणि मी दोघांच्या मधे नारायण पेठेत, वडिलांच्या जागेत. खडकवासल्यातून सुटलेलं पाणी आधी अण्णाच्या सोसायटीमागून जातं, मग माझ्या गल्लीच्या टोकाशी येतं, संगमावर मुळेला मिळतं आणि पुणं-पिंपरीची सगळी घाण पोटात घेऊन ताईच्या खिडकीखाली पोचतं. अण्णाला नदी पावसाळ्यात छळते, ताईला उरलेले आठ महिने. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. खात्याचं नाव जलसंपदा होऊन जमाना झाला, तरी तो पाटबंधारेच म्हणतो. ताई बँकेत होती. तिला खर्च, व्याज आणि मुदत या तीन गोष्टी लगेच दिसतात.

या खेपेला विषय निघाला नदीकाठ सुधार प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यांचा. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर नदी, तिचे ११ टप्पे, आणि खर्चाचा अंदाज ४,७२७ कोटी रुपये. आराखडा अहमदाबादच्या एचसीपी या संस्थेचा, म्हणजे ज्यांनी साबरमतीचा काठ केला त्यांचाच. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि संगम ते बंडगार्डन, बंडगार्डन ते मुंढवा या तुकड्यांपासून काम सुरू झालं. ताईचं म्हणणं, हा काठ लवकरात लवकर पुढेही न्या आणि मागे पेठांपर्यंतही आणा. अण्णाचं म्हणणं, झाला तेवढा खूप झाला.

ताई : बंडगार्डनजवळचा झालेला तुकडा मी बघून आले. सपाट वाट, बसायला कट्टे. फेऱ्या मारल्या, एकदाही मागे वळून गाडी येतेय का ते बघावं लागलं नाही. पुण्यात असं शेवटचं कधी झालंय, आठवतंय तुला?

अण्णा : वाट चांगलीच असेल. वाटेखाली काय आहे ते बघ. भराव आहे.

ताई : तुला सगळीकडे भरावच दिसतो.

अण्णा : आयुष्य त्यातच गेलं. हे बघ, पूर म्हणजे ठरावीक वेळात ठरावीक पाणी पुढे जायला हवं. त्याला जागा लागते. दोन्ही काठांनी तू आत सरकलीस, की तेवढंच पाणी एकतर उंच चढणार नाहीतर जोरात पळणार. तिसरं काही होत नाही. उंच चढलं की माझ्याकडे येतं, जोरात पळालं की खालच्या गावांचे काठ खातं.

ताई : पण ते म्हणतात पात्र नीट करणार, गाळ काढणार, मधले अडथळे हलवणार. पुराची पातळी उलट कमी होईल.

अण्णा : गाळ एकदा काढून संपतो का? दर पावसाळ्यात नवा येतो. कागदावरची खोली कायम राहते, नदीतली राहत नाही. त्यात बंधारे घालून बारा महिने पाणी साठवायचं म्हणतात. साठलेल्या पाण्यात गाळ बसणार नाही तर कुठे बसेल? आणि पुराच्या रात्री दरवाजे वेळेवर उघडतील म्हणतेस? मी खात्यात होतो, मला विचार.

इथे ताई हसली. अण्णा खात्याला नावं ठेवायला लागला की समजायचं, तो मनापासून बोलतोय.

मग त्याने त्याचा हुकमाचा आकडा काढला. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची पातळी, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशाची. खडकवासल्याखाली मुठेची निळी रेषा ६०,००० क्युसेक धरून आखली आहे आणि लाल १,००,००० धरून. २५ जुलै २०२४ च्या पहाटे विसर्ग होता ३५,००० क्युसेकच्या आसपास.

अण्णा : साठ हजार अजून आलेच नव्हते. त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त पाण्यात आमचं पार्किंग बुडालं, जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी लागलं. बोटी आल्या, लष्कर आलं. कारण धरणाखालच्या मुक्त पाणलोटात त्या रात्री वेगळा पाऊस पडला, ओढे भरून आले, आणि नदी चढलेली असल्यामुळे ओढ्यांचं पाणी नदीत जाईना. हे कुठल्या भिंतीने अडणार आहे?

ताई : एक विचारू? तुझी सोसायटी निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर?

अण्णा : आता नकाशात बघितलं तर आत आहे.

ताई : पाटबंधाऱ्यातला माणूस तू. फ्लॅट घेताना नकाशा नाही बघितलास?

अण्णा : तेव्हा रेषा कुणी विचारत नव्हतं.

ताई : मग नदीला जागा तुम्हीच ठेवली नाहीत, आणि आता मी चालायला चार फूट वाट मागितली तर नदी आठवली!

हा टोला अण्णाने गिळला, पण ताईचं बोलणं अर्धंच खरं आहे. सिंहगड रस्त्याच्या लोकांनी नदीसाठी कुणीच भांडण केलं नाही असं नाही. विठ्ठलवाडीपासून महामार्गाकडे नदीपात्रातून भराव घालून रस्ता काढला, तेव्हा प्रकरण हरित लवादाकडे गेलं आणि २०१३ मध्ये लवादाने निळ्या रेषेच्या आतला भराव काढायला सांगितला. पुण्यात निळी रेषा हा शब्द नकाशातून उठून लोकांच्या तोंडी आला तो साधारण तेव्हापासून. आमच्या घरात तर पाण्याची रेषा त्याआधीच होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलं गेलं, तेव्हा अण्णा सात वर्षांचा होता. वडिलांनी पाणी ओसरल्यावर माजघरातल्या खांबावर खिळा ठोकून ठेवला. वाडा पडून इमारत झाली, खांब गेला, पण खिळा कुठे होता ते अण्णा हात वर करून अजून दाखवतो. पाहुणे आले की दाखवतोच.

ताईला पानशेत आठवत नाही. तिचा जन्म नंतरचा. तिची नदी वेगळी आहे.

ताई : तुझा पूर वर्षातून चार दिवस. माझ्याकडे संध्याकाळचे सहा वाजले की खिडक्या बंद. उन्हाळ्यात जलपर्णीने नदी अशी हिरवीगार होते की नातू विचारतो, इथे क्रिकेट खेळता येईल का. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीवर डासांचा खांब उभा राहिला होता, ते व्हिडिओ देशभर फिरले. लोक फोन करून विचारत होते, तुमच्याकडचंच ना? मला लाज वाटली. पुण्यातले नदीप्रेमी रविवारी सकाळी विठ्ठलवाडीला जातात, दुर्बीण गळ्यात, बूट पायात. चांगलं काम करतात ते, जीवितनदी संस्थेच्या मुलांबरोबर मीही एकदा गेले. पण उतारावरून खाली उतरवेना. गुडघे. तुमची नैसर्गिक नदी ही धडधाकट माणसांची नदी आहे, अण्णा. म्हातारे, व्हीलचेअरवाले, बाबागाडीवाल्या आया, यांच्यासाठी तिथे काय आहे?

हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. नदीकाठाच्या चर्चेत पक्षी, झाडं, पूर, खर्च या सगळ्यांचे वकील असतात. गुडघ्यांचा वकील मी पहिल्यांदा पाहिला. मुंढव्याच्या रस्त्यावर डंपर आणि टँकरच्या मधून माणसं चालतात, फुटपाथ असला तर त्यावर दुचाक्या असतात. अशा ठिकाणी राहणाऱ्या बाईला ‘काठाला हात लावू नका’ असं सांगणं सोपं आहे, कारण सांगणारा बहुधा प्रभात रस्त्यावर राहतो.

अण्णालाही ते लागलं असावं, कारण त्याने सूर बदलला.

अण्णा : वाट हवीच. पण तुझी वाट आणि माझा पूर यांच्यामधे आधी मैला आहे, त्याचं काय करायचं? नदी साफ न करता काठ केला, तर तू चार हजार कोटींच्या बाकावर नाक धरून बसणार.

ताई : मैल्याचं काम चाललंय ना. जायकाचं.

चाललंय हे खरं. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, मिळून दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरची. कर्जाचा करार झाला जानेवारी २०१६ मध्ये, ९९० कोटींचा प्रकल्प म्हणून. पायाभरणी झाली ती थेट ६ मार्च २०२२ ला, नदीकाठ प्रकल्पाच्या पायाभरणीच्याच दिवशी, आणि तोवर खर्च १,४७० कोटींच्या वर गेला होता. म्हणजे मैल्याचं काम सहा वर्षं आधी ठरलं आणि काठाच्या बरोबरीने सुरू झालं. माझ्या मते पुण्याच्या नदीची सगळी गोष्ट या दोन तारखांत आहे. काठाचं काम दिसतं, फोटोत येतं. ड्रेनेजची वाहिनी जमिनीखाली जाते आणि खणताना लोकांच्या शिव्या मिळवते. कुठल्याही नगरसेवकाला विचारा, त्याला कशाच्या उद्घाटनाला उभं राहायला आवडेल.

ताईने मग साबरमती काढली. ती तिकडे जाऊन आली आहे. पाणी तुडुंब, काठ स्वच्छ, संध्याकाळी हजारो माणसं.

अण्णा : ते पाणी कुणाचं? नर्मदेचं. कालव्यातून साबरमतीत सोडलेलं, खाली वासणा बंधाऱ्याने अडवलेलं. आपण कुठून आणायचं? मुठेच्या खोऱ्यात टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला अशी चार धरणं मिळून २९ टीएमसी. ते आपण पितो, दौंड-इंदापूरच्या शेतीला देतो, वर भांडतो. दिवाळीनंतर खडकवासल्याखाली मुठेला स्वतःचं पाणी असतं का? जे वाहतं ते तुझं-माझं सांडपाणी. त्याला बंधारा घालून तळं करायचं आणि त्यात नाव फिरवायची?

ताई : बंडगार्डनला बंधारा ब्रिटिशांच्या काळापासून आहे. तिथे नावा फिरायच्या, आई सांगायची.

अण्णा : तेव्हा नदीत पाणी होतं.

प्रकल्पात तोडायच्या झाडांवरून भांडण होणार हे ठरलेलंच होतं. २९ एप्रिल २०२३ ला संभाजी बागेपासून नदीपर्यंत ‘चलो चिपको’ म्हणत मोठा मोर्चा निघाला, त्यात अण्णा होता. २०२५ च्या फेब्रुवारीत बाणेरला पुन्हा माणसं झाडांना मिठ्या मारत उभी राहिली, तेव्हा तो गेला नाही, पाठ धरली होती. ताईचं म्हणणं, ज्यासाठी एवढं रान उठवलं ती बरीचशी सुबाभूळ आहे, राडारोड्याच्या ढिगांवर आपोआप उगवलेली. बंडगार्डनच्या बाजूला तिचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. पण औंध-बाणेरला राम नदी मुळेला मिळते तिथलं रान मी पाहिलंय आणि ते सुबाभळीचं नाही. तिथे वाळुंज आहे. हे झाड नदी सोडून राहत नाही. पाण्याला टेकलेल्या फांद्या, पुरात आडवं होतं आणि पाणी गेलं की पुन्हा उठतं. बुंध्याशी मुळ्यांची जाळी इतकी दाट की पाय ठेवला तर माती हलत नाही, आणि त्या जाळीत पुराने आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या चिंध्या होऊन अडकलेल्या. शेजारी करंज, उंबर. खंड्या वाळुंजाच्या फांदीवर बसून पाण्याकडे बघत असतो; पाण्यात त्याला अजून काहीतरी मिळतं, हेच आश्चर्य. दगडाचं पिचिंग काठ धरून ठेवतं तसं वाळुंजही धरून ठेवतं, फक्त त्याची निविदा काढावी लागत नाही. हे रान काढून दुसरीकडे झाडं लावू, असं म्हणणाऱ्याला नदीकाठचं झाड आणि रस्त्याकडेचं झाड यातला फरक ठाऊक नाही, असं मी बेधडक म्हणेन. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये काढलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने पुण्यात हेच शिकवलं. शिकलेली माणसं गावभर आहेत, महापालिकेने त्यांना आराखड्याच्या वेळी टेबलाशी बसवायला हवं होतं.

वाद थोडा थंडावला तो म्युनिकमुळे. ताईची मुलगी तिथे असते.

ताई : लेकीकडे गेले होते तेव्हा रोज इझार नदीच्या काठी जायचो. शहराच्या मधोमध. लोक पाण्यात पाय सोडून बसतात, पोरं दगड टाकतात, बायका बाबागाड्या घेऊन चालतात. इतकं सुंदर. आपल्याकडे काही करायचं म्हटलं की तुम्ही लोक आडवे.

अण्णा : इझारचं काय केलं त्यांनी, माहीत आहे? २००० ते २०११, आठ किलोमीटर. आधीच्या शतकात काँक्रीटमधे कोंडलेली नदी होती. त्यांनी काँक्रीट फोडलं. पात्र रुंद केलं, पूर पसरायला जागा दिली, काठाला वाळूगोटे टाकले. आपण उलट्या दिशेने निघालोय.

ताई : पण वाट आहे ना तिथे! मी चालले की.

अण्णा : आहे. वरच्या अंगाला आहे.

ताई : मग मला तीच हवी आहे. मी कधी म्हटलं भिंत हवी म्हणून?

दोघेही क्षणभर गप्प झाले. तासभर जे दोन पक्ष भांडत होते ते एकाच गोष्टीवर भांडत नव्हते. ताईला वाट हवी आहे, अण्णाला भिंत नको आहे, आणि प्रकल्पाने दोन्ही एकाच निविदेत बांधून टाकल्यामुळे प्रत्येकाला दुसरा शत्रू वाटतो. शहरातल्या सगळ्या चर्चासभांत असंच होतं. ‘तुम्हाला विकास नको का’ असं एकजण विचारतो आणि ‘तुम्हाला पुण्याची नदी मारायची आहे का’ असं दुसरा. वाट निळ्या रेषेच्या बाहेरून, आहे त्या जमिनीवर काढली तर काय बिघडेल, हे विचारणारा तिसरा माणूस माइक मिळेपर्यंत निघून जातो.

आणि दोघांच्याही बोलण्यात जे लोक आले नाहीत त्यांचं काय? पाटील इस्टेट, ताडीवाला रस्ता, पुलाची वाडी. पूर आला की पहिलं पाणी यांच्या घरात. २०२४ च्या त्याच जुलैत डेक्कनला पुलाच्या वाडीजवळ पाण्यात विजेचा धक्का बसून तिघेजण गेले. साबरमतीचा काठ करताना हजारो कुटुंबं तिथून हलवली गेली. पुण्यात काठ चकचकीत झाला की मागच्या जमिनीचा भाव वाढणार, आणि मग वस्ती ‘सुरक्षिततेसाठी’ हलवण्याची घाई अचानक सगळ्यांना सुटेल. मी हे म्हटल्यावर ताई म्हणाली, त्यांनाही वाट लागतेच की. लागते. पण वाट त्यांच्या दारातून जाणार की त्यांच्या दारावरून, हे कुणीतरी आधी लिहून द्यायला हवं.

मग अण्णाने एक वेगळीच कल्पना काढली. मुठा उजवा कालवा. खडकवासल्यापासून पर्वती, स्वारगेट, हडपसर करत तो शहरभर जातो. २०१८ च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ तो फुटला आणि जनता वसाहतीत पाणी शिरलं, तेव्हा पुण्याला तो आठवला. आता त्याच्याऐवजी खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा करायची योजना आहे.

अण्णा : बोगदा झाला की कालव्याची जमीन मोकळी. सपाट, सलग, कडेने मोठमोठी झाडं, पूर नाही, भराव नाही. लोक आताही सकाळी कालव्याच्या कडेने चालतात. हिरवी वाट वाढवायची तर इकडे वाढवा. तुझ्या गुडघ्यांना चढ-उतारही नाही.

ताई : आणि ती जमीन मोकळी झाल्यावर तिथे तुझं सरकार वाट करेल की रस्ता?

अण्णाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पुण्यात मोकळ्या पट्ट्याचं शेवटी काय होतं हे माहीत असलेल्या माणसाने याचं उत्तर उगाच देऊ नये.

तरी निवाडा द्यायचाच तर मी असा देईन. मुंढवा-खराडीला पात्र रुंद आहे, तिथे ताईची वाट पुरी करा, दिव्यांसकट, पण जलपर्णी आणि मैल्याचा बंदोबस्त होईपर्यंत नवा बंधारा घालू नका. औंध-बाणेरच्या रानाला हात लावू नका. तिथे पायवाट आहे तेवढी पुरे. आणि विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत, जिथे दोन्ही बाजूंनी घरं नदीवर चढली आहेत, तिथे पात्रात एक पाटीही भराव नको. तिथे नदीला वाटेपेक्षा जागेची गरज आहे, आणि २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने अरण्येश्वर-सहकारनगरात जो हाहाकार केला, शहर-जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, त्यानंतर तरी हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. ताईला हा निवाडा तिच्या बाजूचा वाटला, अण्णाला त्याच्या.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं घर नदीच्या किंवा ओढ्याच्या जवळ आहे त्यांना एक विनंती. पुढच्या टप्प्याची निविदा निघायच्या आत आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जा आणि आपल्या भागातल्या पात्राचा काम होण्याआधीचा व नंतरचा छेद मागा, ३५ हजार, ६० हजार आणि एक लाख क्युसेकला पाणी कुठवर येईल ते मीटरमध्ये मागा, आणि हे सगळं मराठीत, भिंतीवर लावून मागा. माहितीच्या अधिकारात अर्जाला दहा रुपये लागतात.